डाव्या हाताला अकोल्याचे दिवे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. अमरावतीच्या कोर्टात एकतीस वर्षं वकिली केली, दुसऱ्यांच्या गुन्ह्यांना शब्द पुरवले — स्वतःचं सांगायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. आज तुम्हाला सांगतो. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

मला जुन्या विमान कंपन्यांच्या वस्तू जमवायचा नाद आहे. सामानाला बांधायच्या चिठ्ठ्या, वेळापत्रकं, कंपनीचं चिन्ह कोरलेले चमचे. उलटीची एक कोरी पिशवीसुद्धा आहे, ती बायकोने काचेच्या कपाटातून दोनदा बाहेर काढली. सगळं मोबाइलवर बोली लावून घेतलेलं. वऱ्हाडात यातलं कळणारा मी एकटाच, असा माझा समज होता. आणि तो समज मला फार प्यारा होता.

मग तुळशीराम आला.

तुळशीराम अकोल्याच्या जुन्या शहरात हार-फुलं विकतो. विमानात कधी बसलेला नाही. पण त्याचा मामा नागपूरच्या विमानतळावर विमानं झाडायच्या कामाला होता. त्या काळी मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारी बाजूंनी टपालाची डाकोटा विमानं रात्री नागपुरात उतरायची आणि थैल्या, प्रवासी यांची अदलाबदल करून परत जायची. सीटखाली जे राहायचं ते मामा घरी आणायचा. ते सगळं लग्नाच्या एका जुन्या अल्बममध्ये लावून भाच्याकडे आलं होतं. आमच्या जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने त्यातल्या एका पानाचा फोटो टाकला, आणि मी दुसऱ्याच दिवशी अकोल्याची बस पकडली.

काय होतं त्या पानावर? एक कागद. तेव्हा विमानाचा कॅप्टन उंची, वेग, खाली कोणतं गाव आहे ते चिठ्ठीवर लिहून मागे पाठवायचा, आणि प्रवासी ती वाचून पुढच्या हातात द्यायचे. विमान उतरलं की चिठ्ठी कचऱ्यात. ही तेवढी बचावली होती. शाईच्या चार ओळी, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह, खाली सही. शेवटची ओळ — डाव्या हाताला अकोल्याचे दिवे, पाऊण तासात नागपूर. मजकूर इंग्रजीत. तुळशीरामला इंग्रजी येत नाही, पण हार न्यायला येणाऱ्या एका मास्तरांकडून त्याने तो समजून घेतला होता, पाठ केला होता. शेवंतीच्या ढिगाआड बसून तो एकेका ओळीवर बोट ठेवून मला म्हणून दाखवत होता. अमरावतीचं नाव त्या कागदावर नव्हतं. हसू नका — मला तेही लागलं.

मी विकत मागितला. तो नाही म्हणाला आणि वर चहा पाजला.

परतताना बसमध्ये मी मोबाइलवरचा त्या पानाचा फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होतो. मी दहा वर्षं रात्रंदिवस बोली लावतो आणि हा माणूस — याला आयतं मिळतं? ग्रुपवर माझ्या वेळापत्रकाला दोन अंगठे, त्याच्या धूसर फोटोला मुंबईपासून कौतुक. मी पण लिहिलं, “वा, तुळशीरामजी!” लिहिताना दात आवळले होते. जळत होतो हो. दुसरा शब्द कशाला शोधू?

पुढे नागपुरात जमवणाऱ्यांचं प्रदर्शन ठरलं. मधली काचपेटी तुळशीरामच्या चिठ्ठीला. माझं वेळापत्रक भिंतीकडच्या टेबलावर.

प्रदर्शनाला आठवडा असताना त्याचा फोन आला. मी कोर्टात, पुकाऱ्याची वाट बघत होतो.

“वकीलसाहेब, कागद घडीवर फाटून राहिला. लॅमिनेशन करून घेऊ काय? तुमी सांगान तसं करतो.”

आता ऐका. जुना कागद लॅमिनेशनच्या यंत्रातून गेला की संपला. प्लास्टिक त्याला कायमचं चिकटतं, परत निघत नाही, आणि जमवणाऱ्यांच्या लेखी त्याची किंमत शून्य. मला हे माहीत होतं? मीच तर महिनाभर आधी ग्रुपवर यावर लांबलचक लिहिलं होतं — इंग्रजीत. त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत.

त्या क्षणात सगळं दिसलं मला, नाही दिसलं असं म्हणणार नाही. मग म्हणालो, “करून घ्या. फक्त चांगल्या दुकानात करा.”

चांगल्या दुकानात! ही काळजी माझ्या तोंडून कशी निघाली असेल?

दुकानदाराने विरलेल्या कडा कापून कागद सरळ केला. त्यात कोपऱ्यातलं चिन्ह गेलं, अर्धी सही गेली. अकोल्याच्या नावावर हवेचा फुगा धरला. प्रदर्शनाच्या सकाळी तुळशीराम धुतलेला सदरा घालून, बायको-पोरींना घेऊन आला. संयोजकाने चिठ्ठी हातात घेतली, मान हलवली आणि सगळ्यांदेखत विचारलं, हे करायचं नसतं एवढंही माहीत नाही का? तुळशीरामने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझं नाव घेतो. त्याने घेतलं नाही.

“माह्याच हातानं वाटोळं झालं,” एवढंच म्हणाला.

मी शेजारी उभा होतो. बोललो नाही. मधल्या काचपेटीत माझं वेळापत्रक गेलं, आणि तुळशीरामच्या पोरींनी त्या पेटीजवळ माझा फोटोही काढला.

त्यानंतर तो ग्रुपवर काही टाकेना. दिवाळीनंतर एकदा अमरावतीला घरी आला, पिशवीतून अल्बम काढून टेबलावर ठेवला.

“आमाले काय समजते याच्यातलं? अजून काही खराब करून टाकीन मी. तुमच्यापाशी राहू द्या.”

किती सोपं होतं तेव्हा सांगणं. घरात आम्ही दोघंच होतो.

मी दोन्ही हात पुढे केले आणि अल्बम घेतला.