धुऊन काढलेली गुठळी

अक्कलदाढ काढल्यानंतर चौथ्या दिवशी ठणका कानापर्यंत गेला, म्हणून पुन्हा दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी तोंडात छोटा आरसा घालून पाहिलं.

"काका, गुळण्या केल्यात ना?"

"दर तासाला. मिठाच्या कोमट पाण्याने, दाढ काढली त्याच दिवसापासून."

"अहो, पहिल्या दिवशी थुंकूसुद्धा नका म्हणून बजावलं होतं! खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी धुऊन काढलीत. हाड उघडं पडलंय."

"जखम स्वच्छ राहावी म्हणून केलं."

त्या हसल्या. "इतकं स्वच्छ नको, काका. ती गुठळी घाण दिसते, पण तिच्या आधारानेच खड्डा भरतो."

दाढेच्या खड्ड्यात लवंगेच्या वासाचा औषधी बोळा बसवून त्यांनी मला घरी पाठवलं.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा चौदाव्या दिवशीच मी तिचं कपाट रिकामं केलं होतं. "बाबा, राहू द्या ना थोडे दिवस," असं मुलगी म्हणत होती. मी ऐकलं नाही. साड्या वाटल्या, औषधं फेकली, तिचा चष्मा देऊन टाकला आणि कप्पे फिनेलने पुसून घेतले. दुःख लवकर आवरेल, अशी माझी समजूत होती.

संध्याकाळपर्यंत दाढेचा ठणका उतरला. मी कपाट उघडलं आणि तिच्या साड्यांच्या रिकाम्या कप्प्यात डोकं घालून खोल श्वास घेतला. लवंगेचा वास आला. तो माझ्याच तोंडातल्या बोळ्याचा होता.