माक्याचं तेल आणि पहिला भांग
काल शेजारच्या घरातून माक्याचं तेल कढत असल्याचा हिरवट, कडसर वास आला आणि मला कर्जतच्या मळ्यातली एक सकाळ आठवली. कर्करोगाच्या उपचारांत माझ्या थोरल्या बहिणीचे सगळे केस गेले होते, आणि तेव्हापासून तिने डोक्याचा रुमाल माझ्यासमोरसुद्धा सोडला नव्हता. डॉक्टरांनी आता तेल लावायला हरकत नाही म्हटल्यावर दाजी पाटाच्या कडेचा माका भाराभर उपटून घेऊन आले. “अवो, म्हशीला न्हाऊ घालायचंय का?” म्हणून ती हसली. खोबरेलात ठेचलेला माका आणि जास्वंदीची पानं पडली, आणि तडतड थांबेपर्यंत दाजी कढईपासून हलले नाहीत. तेल निवल्यावर आम्ही ते गाळलं. मग तिने डोळे मिटून रुमाल सोडला. बोटाच्या पेराएवढे केस उगवले होते, आणि तेही कुरळे! मी हलक्या हाताने तेल जिरवलं, तशी ती हळूच म्हणाली, “भांग पडतोय का बघ की.” कंगव्याखालून केस उसळून आले, पण पुन्हा फिरवल्यावर बारीकसा भांग पडला. दाजींनी आरसा धरला. बराच वेळ बघून ती म्हणाली, “लई ग्वाड दिसतीय की मी!” आणि उरलेलं तेल बाटल्यांत भरून उघड्या डोक्यानेच साऱ्या वस्तीवर वाटायला निघाली. काल मी तिला फोन लावला, तर म्हणाली, “वेणी घालतीय गं, मागनं कर.”