वीस चिठ्ठ्यांची परीक्षा

मी आर्णीच्या एका कॉलेजात गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात जाणिवेचं गणित करते. हे दुसरं वाक्य कुठेही बोलले की समोरच्याचा चेहरा बदलतो. कॉलेजातल्यांना वाटतं ही ध्यानशिबिरांना जाते. शिबिरवाल्यांना वाटतं हिला शांती कशी ती नकोच आहे. विहारातल्या एका काकूंनी तर आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोरीचं लग्न लांबलं म्हणून डोक्यावर परिणाम नाही ना झाला. एकट्या बाबांना यात काही वावगं वाटलं नाही. ते लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फिटर होते. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणात त्यांनी स्वतःबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि बाकी सगळं माझ्याबद्दल. "माही पोरगी माणूस आतून जागा हाय का नाही, हे मोजून राह्यली," असं म्हणून ते खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला काही कळलं नव्हतं, पण मला तेव्हा डॉक्टरेट मिळाल्यासारखं वाटलं. खरी अजून मिळायची आहे.

कारखाना हे बाबांचं पोट होतं, जीव ढोलकीत होता. आमच्या विहाराची एक गायन पार्टी आहे. जयंतीला, लग्नाला, गृहप्रवेशाला ती गाते आणि तिची ढोलकी तीसेक वर्षं बाबांकडे होती. म्हणून मी त्यांना माझं काम ढोलकीतूनच समजावलं. म्हटलं, एकच ठेका दहा वेळा वाजवला तर कागदावर काय लिहाल? ते म्हणाले, "एकडाव ठेका, अन् पुढं दहा." बरोबर. पण तुम्ही रंगात आलात आणि दर वळणाला नवीन काही काढलंत तर? ते म्हणाले, "मंग सारंच लिहा लागते." मेंदूच्या लहरींचं तसंच आहे. गाढ झोपेत, भूल दिल्यावर त्या थोडक्यात लिहून होतात. जागेपणी होत नाहीत. किती थोडक्यात होतात, त्याचा एक आकडा काढता येतो. दुसरे काही लोक वेगळं गणित मांडतात. मेंदूचे भाग सुटे सुटे धरले तर जे मिळत नाही आणि एकत्र धरले तरच मिळतं, ते किती आहे, हे ते मोजतात. हे ऐकून बाबा पान गालात सारून म्हणाले, "मंजे पेटीवाला एका खोलीत, गाणारा दुसऱ्या खोलीत, अन् मी तिसऱ्या. आवाज सारे हायेत, पण पार्टी नाही जमली."

इतकं नेमकं वाक्य मी कोणत्याही शोधनिबंधात वाचलेलं नाही, आणि निबंध मी ढिगाने वाचले आहेत. मी त्यांना हेही सांगितलं होतं, की आकडा फार तर जागा आहे का एवढं सांगेल. आतून कसं वाटतं, तिथवर अजून कोणतंच गणित पोचलेलं नाही. ते म्हणाले, तेवढं राहू दे, आधी जागा आहे का ते बघ.

मागच्या वर्षी सोयाबीन निघायच्या दिवसांत लोहाऱ्याहून कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना भेटून घरी येताना त्यांची गाडी घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी त्यांनी डोळे उघडले. आमचे पेढे वाटायचेच बाकी होते, पण डोळे नुसते उघडे होते. बोट फिरवलं तर नजर फिरत नव्हती. हात दाबा म्हटलं तर हात दाबला जात नव्हता. दोन महिने गेले, तीन गेले. यवतमाळच्या ज्या खाजगी दवाखान्यात ते होते, तिथले मेंदूचे डॉक्टर माणूस सरळ होते. त्यांनी आईला आणि मला बसवून सांगितलं, की बाबांना काही समजत असेल असं तपासणीत दिसत नाही. घरी न्या, सेवा करा, व्यायामाचा माणूस रोज बोलावण्यात आता अर्थ नाही.

आईने फक्त एक विचारलं. "समजत नाही, का सांगता येत नाही?"

डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली. मला स्वतःची लाज वाटली. हाच प्रश्न माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे. तो विचारायला मला सहा वर्षं लागली होती आणि सातवी शिकलेल्या माझ्या आईने तो दवाखान्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून विचारला. बाबा आत असतील आणि आम्ही ते नाहीत असं धरून त्यांच्यासमोर बोलत राहिलो, तर त्याच्याएवढं वाईट मला काही सुचत नव्हतं.

मी डॉक्टरांकडे त्यांचं ईईजीचं यंत्र मागितलं. डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी टिपणारं जुनंच यंत्र होतं. ते म्हणाले, दुपारी ओपीडी संपल्यावर वापरा. पहिल्या दिवशी मी माझा लाडका आकडा काढला. तो मधोमध आला. जागा म्हणायला कमी, झोपलेला म्हणायला जास्त. सहा वर्षं ज्या आकड्याचं कौतुक केलं, त्याने घरच्या माणसाच्या वेळी असं तोंड फिरवलं की लॅपटॉप भिंतीवर मारावासा वाटला.

दुसरा एक रस्ता असतो. हलू न शकणाऱ्या माणसाला सांगायचं, अमुक हालचाल मनातल्या मनात करा. मनात हात हलवला तरी मेंदूतल्या हाताच्या जागेवरच्या लहरी खाली उतरतात. बाहेरदेशी अशा वेळी टेनिस खेळतोय असं मनात आणायला सांगतात. आमच्या बाबांनी रॅकेट हातात धरली ती डास मारायची. मी हुशारी केली. टेनिस काढलं आणि ढोलकी घातली. तारा लावल्या, कानाशी वाकून म्हणाले, "बाबा, मनातल्या मनात ढोलकी वाजवा. करा सुरू." मग थांबा म्हणाले, मग पुन्हा सुरू. अर्धा तास असं केलं. पडद्यावर काहीच नव्हतं. वाजवा म्हटल्यावर जशा लहरी, थांबा म्हटल्यावर तशाच. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

आई दारात टिफिनची पिशवी घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, "ते अशे कायले वाजवतीन?"

"कसे म्हणजे?"

"बोल पडल्याबिगर त्यायनं कधी हात टाकला काय? तू तं त्यायच्या मागंच बसत होती ना."

खरं होतं. पार्टीत बाबांचा एक कडक नियम होता. गाणाऱ्याने मुखड्याची पहिली ओळ एकट्याने म्हणायची, ओळीचा शेवटचा बोल पडला की मगच ढोलकीवर थाप. आधी हात टाकणं म्हणजे गाणाऱ्याचा अपमान. एका लग्नात मंडपवाल्याने माईकवरून "चला ढोलकी, होऊ द्या सुरू" असं फर्मावलं होतं, तेव्हा बाबा मांडीवर हात ठेवून पंधरा मिनिटं बसून राहिले, पण गाणारा येईपर्यंत एक टिचकी वाजवली नाही. ती टिचकी न वाजवणारा माणूस मी त्याच मंडपात, त्याच सतरंजीवर बसून पाहिला होता. आणि त्यांच्या पोटची पोरगी असून मी त्या मंडपवाल्याचाच हुकूम सोडला होता. गणित येत होतं, बाप येत नव्हता.

मग गाणार कोण? पार्टीचा गायक मुलाकडे पुण्याला गेला होता आणि मला धीर नव्हता. आई म्हणाली, मी म्हणते. आई आयुष्यात कधी गायली नव्हती. तीस वर्षं तिने पार्टीचा चहा केला होता. पण मुखडे सगळे पाठ.

डॉक्टरांनी मध्येच हरकत घेतली. गाणं ऐकूनच मेंदूत हालचाल होईल, बायकोचा आवाज आहे, त्यावरून ते समजून वाजवताहेत हे कसं सिद्ध होणार? मला त्या क्षणी ते फार आवडले. मी नेमकी हीच हरकत घेतली असती, पण आईसमोर घ्यायची हिंमत झाली नसती.

तेव्हा आम्ही परीक्षा अशी बसवली. वीस चिठ्ठ्या. दहांवर 'वाजवा', दहांवर 'नुसतं ऐका'. सगळ्या टिफिनच्या डब्यात घालून हलवल्या. आईने एक काढायची, चिठ्ठीवरचं बाबांच्या कानात हळूच सांगायचं आणि ओळ म्हणायची. दोन्ही वेळा ओळ तीच. मग दहा सेकंद शांतता. फक्त त्या शांततेतल्या लहरी मी मोजायच्या. मी यंत्र घेऊन कापडी पडद्यामागे, मला चिठ्ठी दिसायची नाही, कुजबुज ऐकू यायची नाही. प्रत्येक वेळी माझ्या प्रोग्रॅमने सांगायचं, वाजवलं की ऐकलं. डॉक्टर आईजवळ बसून चिठ्ठ्यांची यादी ठेवणार. पहिल्या दिवशी नुसता सराव केला, लहरी किती उतरल्या तर 'वाजवलं' धरायचं ते ठरवलं आणि तो आकडा डॉक्टरांच्या वहीत लिहून ठेवला, म्हणजे मला नंतर सोयीने बदलता येऊ नये. माझा माझ्यावर विश्वास नव्हता. ज्याला उत्तर इतकं हवं असतं त्याच्यावर कोणी ठेवूही नये.

दुसऱ्या दुपारी परीक्षा झाली. आई वीस वेळा गायली. पहिल्यांदा तिचा आवाज थरथरला, पाचव्यानंतर चांगला तापला आणि बाराव्याला बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट दारात येऊन उभे राहिले. विसावी झाली तेव्हा तिचा घसा बसला होता.

डॉक्टरांची यादी आणि माझी यादी टेबलावर शेजारी ठेवली. डॉक्टर पेन्सिलीने एकेक खूण करत गेले. वीसपैकी सतरा जुळल्या.

नाणं उडवून अंदाज केला असता तर वीसपैकी सतरा किंवा जास्त जुळणं हजारात एखाद्या वेळी होतं. हे गणित मी दरवर्षी बारावीला फळ्यावर शिकवते आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, मॅडम, हे कुठं कामी पडते? मी ते दवाखान्याच्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर हाताने पुन्हा मांडलं, कारण कॅल्क्युलेटरवर भरवसा बसेना. उत्तर तेच आलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि उठून बाबांच्या कॉटजवळ गेले. तीन महिने ते बाबांबद्दल बोलत होते, तेव्हा पहिल्यांदा बाबांशी बोलले. "काका, माफ करा, आम्हाला वेळ लागला," म्हणाले.

आई रडली. मी नाही रडले. मला अभिमानच वाटत होता, हे कबूल करते. बाबांचा वाटत होता, कारण तीन महिने अंधारात पडलेला माणूस बरोबर ओळीनंतरच हात टाकत होता. आईचा वाटत होता. आणि गणिताचा वाटत होता, ज्याला लोक कोरडं म्हणतात.

चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आता विचारून बघू. हो असेल तर वाजवायचं, नाही असेल तर नुसतं ऐकायचं. तीन चुका झाल्या होत्या, म्हणून एक प्रश्न पाच वेळा विचारायचा आणि जिकडे जास्त कौल तिकडे उत्तर धरायचं, असं मी ठरवलं. ज्यांची उत्तरं आम्हाला ठाऊक होती असे दोन प्रश्न आधी विचारले, दोन्ही बरोबर आले. मग डॉक्टरांनी विचारलं, फार दुखतं का? पाचपैकी चार वेळा 'नाही'. डॉक्टरांनी ते वहीत दोनदा अधोरेखित केलं.

मग डॉक्टर आईला म्हणाले, "मावशी, आता तुम्ही विचारा. तुमच्या मनातलं काहीही."

मला वाटलं आई विचारेल, घरी यायचं का, मला ओळखता का, असं काही. डोळे पुसायला मी मनात पदर शोधून ठेवला. आईने बाबांच्या कपाळावरचा तारेचा चिकट लेप बोटाने नीट केला आणि खाली वाकली.

"मी एवढ्या दिवसापासून गाऊन राह्यली. खरं सांगा, बेसूर गाते काय?"

तिने ओळ म्हटली. दहा सेकंद शांतता. हो. पुन्हा विचारलं. हो. तिसऱ्यांदाही हो. पडद्यावरची लहर इतकी स्वच्छ उतरत होती की प्रोग्रॅमची गरजच नव्हती. चौथ्यांदा आईने जरा जोर लावून, जमेल तेवढं सुरात म्हटलं. हो. पाचव्यांदाही हो.

वीस चिठ्ठ्यांनी मला सांगितलं होतं, की आत कोणीतरी आहे. या पाचांनी सांगितलं, की आत आमचे बाबा आहेत. हा फरक कोणत्या गणितात बसवायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

आईने पदर खोचला, दार उघडलं आणि बाहेर व्हरांड्यात नंबर लावून बसलेल्या सगळ्या अनोळखी माणसांना मान ताठ करून, बसलेल्या आवाजात सांगितलं, "माह्या मालकाले सारं समजते. म्हणते, मी बेसूर गाते."