इंजिन स्पष्ट, सासूबाई पुसट

बोलता बोलता चष्मेवाले मधेच ओठांतल्या ओठांत डबे मोजू लागले की समजायचं, लांबून मालगाडी चालली आहे. गिऱ्हाइकाचा चष्मा पुसायच्या फडक्याने आधी कॅमेऱ्याची काच पुसायची. डोळे तपासायच्या तक्त्यावर, अगदी खालच्या बारीक ओळीत, इंजिनांचे नंबर. गिऱ्हाईक अडखळलं की ते स्वतःच हळहळत वाचून दाखवायचे. प्रवासी गाडीकडे मात्र ढुंकून बघायचे नाहीत. "तिच्यात काय बघायचं? माणसंच असतात."

त्यांच्या सासूबाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यांचं मागणं एकच होतं, तिन्ही मुलींसोबत एक फोटो. दोन दिवसांच्या प्रवासावर राहणारी थोरली दहा वर्षांनी आली होती. दुसऱ्या दिवशी परत निघणार होती.

जावईबापूंनी जागा सुचवली ती रुळांशेजारच्या माळाची. "तिथे उजेड छान पडतो. बरोबर अकरा दहाला."

बायकोने, म्हणजे मधल्या मुलीने, डोळे बारीक केले. "उजेडाला वेळापत्रक कधीपासून लागलं?"

भंगारात निघालेलं वाफेचं इंजिन त्या दिवशी शेवटची मालगाडी ओढणार होतं, हे त्यांनी पोटातच ठेवलं.

चौघी उन्हात उभ्या राहिल्या. अकरा दहा झाले. साडेअकरा झाले.

"भावोजी, पाय भरून आले," धाकटी म्हणाली. "अजून किती वेळ?"

"हलू नकोस. सिग्नल पडलाय."

चौघींनी एकदम मागे वळून पाहिलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. "समोर बघा, समोर," चष्मेवाले ओरडले. इंजिन धूर ओकत आलं आणि त्यांनी रोलमधला शेवटचा फोटो काढला.

आगगाडीचे फोटो काढणारे आधीच रुळांखालचा एखादा लाकडी स्लीपर धरून त्यावर कॅमेऱ्याचा फोकस बसवून ठेवतात. हाताला लागलेली सवय. त्यांनी तेच केलं होतं.

फोटो धुऊन आला तेव्हा थोरली घरी पोहोचलीही होती. इंजिनाचे खिळे मोजता येत होते. पुढे चार पुसट डाग.

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यातली मी कोणती?"

जावईबापूंनी बराच वेळ पाहिलं. "डावीकडची असाल."

"चष्मा तुम्हीच दिलाय आणि फोटोही तुम्हीच काढलाय. दोष कुणाला देऊ?" त्या रागावल्या नाहीत. फोटो उलटा करून ठेवला. "थोरली आता कधी यायची."

ते 'कधी' जावईबापूंना झोंबलं. आठवड्याच्या आत दुकानाला कुलूप लागलं. सासूबाई, बायको आणि धाकटीला घेऊन ते थोरलीकडे निघाले. सामानाला हात लावला नाही, कॅमेरा मात्र गळ्यातच.

दुसऱ्या दिवशी एका जंक्शनवर गाडी थांबली. पलीकडच्या रुळावर कोळशाची मालगाडी उभी होती. तिला पुढे दोन आणि मागे एक, अशी तीन इंजिनं.

"दोनच मिनिटं," म्हणून ते उतरले. बायको खिडकीतून हाका मारत राहिली. गाडी त्यांच्याविनाच सुटली.

संध्याकाळी थोरलीच्या अंगणात चौघी चांगले कपडे घालून, केस नीट करून ओळीने बसल्या. सासूबाई मधे. समोरची, कॅमेऱ्याची जागा मोकळी.