मंडळाच्या वेबसाइटचं डोकं

अमेरिकेत नोव्हायला आल्यावर थोड्याच महिन्यांत मराठी मंडळाने वेबसाइट माझ्या गळ्यात घातली. मी आयटीत आहे, एवढा गुन्हा पुरला. आधीचा स्वयंसेवक टेक्सासला गेला होता आणि जाताना पासवर्डखेरीज काहीही सांगून गेला नव्हता.

थीमचं, म्हणजे साइटच्या रंगरूपाचं, फोल्डर उघडलं आणि हसावं की रडावं कळेना. पानाच्या माथ्यावरच्या पट्टीला, म्हणजे हेडरला, खरं तर एक फाइल पुरते. आमच्याकडे हेडर, नवा हेडर, नवा हेडर फायनल आणि दिवाळी हेडर होते. आधीच्यांचं काम पुसायचं नाही, शेजारी आपलं मांडायचं, इतकी आमची प्रत्येक कार्यकारिणी सुसंस्कृत! मेनू प्रत्येक फाइलमध्ये वेगळा चिकटवलेला. त्यात पहिला मान ‘अध्यक्षांचे मनोगत’ला. ‘मदत’ हवी असेल तर ‘आमच्याविषयी’, त्यात ‘उपक्रम’, त्यात ‘समाजकार्य’ असं आत आत शिरायचं. अडलेल्या माणसाने आधी मंडळाची थोरवी जाणून घ्यावी, अशी अपेक्षा असावी.

अध्यक्ष निवृत्त डॉक्टर. त्यांना फोन केला.

“काका, हे सगळं एकत्र करायला हवं.”

“साइट चालतेय ना? मग ऑपरेशन कशाला?”

मी फोल्डर बंद केलं. मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून एका काकूंचा फोन आला. ‘वेबसाइट बिघडल्यास संपर्क’ म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी माझा नंबर होता.

“कुठलं पान बिघडलंय, काकू?”

“पान कसलं गं! मुलीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. जावई तिला घेऊन दवाखान्यात गेलेत. मी इथे एकटी, नातू रडतोय, आणि तुमचा तो मेनू उघडलाय तो बंदच होत नाही.”

ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली आणि त्यांच्या घरी गेले. काकू बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या. नातू दाराशीच एका पायात मोजा घालून “आय वॉन्ट मॉम!” ओरडत होता.

“त्याला मराठी येतं,” काकू डोळे पुसत म्हणाल्या, “पण रागावला की इंग्रजीतच रागावतो.”

त्याला वरणभात भरवून झोपवलं. मग त्यांचा फोन पाहिला. मेनूने अख्खा स्क्रीन व्यापला होता. ‘आमच्याविषयी’वर कितीही बोट दाबा, ते उघडत नव्हतं. त्या पानावर ‘नवा हेडर’ होता आणि मोबाइलसाठीची दुरुस्ती फक्त ‘फायनल’मध्ये केलेली.

संध्याकाळी जावयांचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. काकू आधी रडल्या, मग मला पोहे खायला लावून पुन्हा रडल्या.

त्या शनिवारी मी कुणालाही न विचारता एकच हेडर ठेवला, मेनूची स्वतंत्र फाइल केली आणि सगळ्या पानांना तीच जोडली. ‘मदत’ सर्वांत पुढे.

पुढच्या बैठकीत, एका सदस्याच्या बेसमेंटमध्ये, लोकशाही धोक्यात आली.

“माझं मनोगत कुठे गेलं?” काकांनी विचारलं.

“फूटरमध्ये.”

“म्हणजे?”

“पायाशी, काका.”

मेनूसाठी उपसमिती नेमावी, असा ठराव लगेच आला. मग मी काकूंची हकिगत सांगितली. शिवाय, ‘मदत’च्या पानावरचा नंबर टेक्सासला गेलेल्या गृहस्थांचाच आहे, हेही सांगितलं. “आता तिथे कुणाचा नंबर देऊ?”

सगळ्यांना अचानक समोशात फार रस निर्माण झाला. समाजकार्याचे प्रमुख तर चटणी आणायला वरच गेले.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“माझा टाक,” ते म्हणाले. “नाहीतरी दिवसभर रिकामाच असतो.”

आता त्यांचा फोन सतत वाजतो. कुणाला औषधाचं नाव विचारायचं असतं, कुणाला ओवा कुठे मिळतो ते. गेल्या थंडीत भर बर्फात ते कुणाच्या तरी सासूबाईंना इमर्जन्सीत घेऊन गेले, तिथल्या तरुण डॉक्टरशी यथेच्छ भांडले आणि बाईंचं नीट होईपर्यंत तिथून हलले नाहीत. उपसमितीची बैठक मात्र अजून व्हायची आहे.