चौदा कपाटांची लेबलं

ठाण्याच्या आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा कोड चौदा रिपॉझिटऱ्यांत ठेवलेला आहे. चौदा कपाटं समजा. प्रत्येक कपाटातल्या तक्रारींना ज्याने त्याने मनाला येईल ते लेबल लावलेलं. तातडीच्या कामाला कुठे 'अर्जंट', कुठे 'आजच', तर कल्याणच्या एका पठ्ठ्याने 'वाट लागली'. साहेबांना शुक्रवारी सगळी तातडीची कामं एका यादीत हवी होती.

"होऊन जाईल," मी म्हणालो. पन्नाशीला आलेल्या माणसाला ऑफिसात अधूनमधून असं म्हणावं लागतं, नाहीतर लोक निवृत्तीबद्दल फारच आपुलकीने विचारतात.

सगळ्या कंपनीसाठी लेबलं एकाच जागी ठरवून ठेवायची सोय त्या सिस्टिममध्ये असते. ते काम मी डोंबिवलीला घरी, जेवणाच्या टेबलावर केलं. लेबलांची नावं पाच मिनिटांत झाली, त्यांच्या रंगांना दोन तास लागले.

"माझ्या साडीला एवढा वेळ दिला नव्हता कधी," बायको म्हणाली.

गुरुवारी सकाळी मी ग्रुपवर जाहीर केलं, आजपासून चौदाही ठिकाणी एकच लेबलं. लगेच टेस्टिंगच्या मॅडम टेबलाशी आल्या. माझ्याच वयाच्या, आंबिवलीहून येणाऱ्या.

"सर, माझ्याकडे अजून 'वाट लागली'च दिसतंय."

"रिफ्रेश करा."

"तीनदा केलं. अहो, ती लेबलं फक्त नव्या रिपॉझिटऱ्यांना लागतात, जुन्यांना नाही. सेटिंगच्या पानावरच लिहिलंय."

मी रंग बघत होतो, अक्षरं कोण वाचणार? आता जुनी लेबलं उडवून नवी टाकू म्हणून माउस सरकवला, तर त्यांनी माझा हातच धरला.

"डिलीट केलंत तर तक्रारींवरूनही जातील. मग कुठली तातडीची, कसं कळणार? नुसतं नाव बदला."

दिवसभर दोघांनी कपाटामागून कपाट उघडून नावं बदलली.

शुक्रवारी यादी पडद्यावर झळकली. साहेब खूश.

"हे आपोआप झालं ना?"

खरं सांगायची हीच वेळ होती.

"हो, एकदा सेटिंग केलं की झालं," मी म्हणालो. शेजारी मॅडमना ठसका लागला.

"मस्त. आपण विकत घेतलेल्या कंपनीच्या चाळीस जुन्या रिपॉझिटऱ्या सोमवारी येतायत. त्यांनाही लावून टाका."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या मोबाइलवर काहीतरी टाइप करत होत्या.

"सर, सोमवारची रजा टाकतेय," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचं काय, आपोआपच होणार."