अण्णांची पाटी आणि रिकामं गाव

नांदेडहून उदगीरच्या एसटीत बसलो तेव्हा माझे आजोबा माझ्या मांडीवर होते. म्हणजे त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी. तिच्या वजनाने गाडी मुखेडपर्यंत डाव्या अंगाला कलून चालली होती. कंडक्टरने पाटीचं हाफ तिकीट मागितलं, पण कोरलेली अक्षरं वाचली आणि हात जोडून पुढे गेला. अक्षरं अशी होती : ‘निजामी लेव्हीपासून एकहाती गाव वाचवणारे अण्णा’.

‘एकहाती’ हा शब्द दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. वय सत्त्याऐंशी, दोन्ही डोळे गेलेले. निघताना दारात त्यांनी माझं मनगट धरलं होतं. म्हणाले, “फोटो काढू नको, मला दिसत नाही. येऊन नुसतं सांग, वेशीत बसवली म्हणून. तेवढं ऐकलं की झालं.”

आमच्या घरातली कथा अशी. निजामाच्या राज्यात धान्याची लेव्ही (सक्तीची वसुली) घ्यायला गिरदावर (महसुलाचा अंमलदार) गावावर आला. बरोबर दहा शिपाई. मी शाळेत होतो तेव्हा ते दहा होते, कॉलेजात जाईपर्यंत चाळीस झाले, आणि माझ्या लेकीला मी सांगितलं त्या वेळी एक हत्तीही होता. अण्णा वेशीत एकटे उभे राहिले आणि असे गरजले, की घोडे थेट बीदरला जाऊन थांबले.

उदगीरच्या मोंढ्याजवळ गरम भजी खाल्ली, जीभ पोळली, आणि टमटमने गावाच्या वेशीत उतरलो. सरपंच फोनवर म्हणाले होते, “येळवशीलाच या, समदं गाव गावतंय.” गावात पाहतो तर माणूस नाही. घरांना कड्या, पारावर ऊन, पाण्याचा नळ एकटाच ठिबकतोय. एका कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं, भुंकावं की नको याचा विचार केला आणि तेही शेताकडे निघून गेलं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडे या दिवशी अख्खं गाव डोक्यावर जेवण घेऊन शेतात जातं, कडब्याची कोप (खोपी) करून पाच दगडांचे पांडव पुजतं आणि तिथेच जेवतं. शहरात वाढलेल्या मला येळवस म्हणजे उदगीरहून डब्यात येणारी भज्जी (शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी), एवढंच ठाऊक. मी पाटी डोक्यावर घेतली आणि कुत्र्यामागून निघालो. अर्ध्या वाटेत माझी उंची चार बोटं कमी झाली असावी.

तुरीच्या ओळींपलीकडून एक बाई ओरडली, “कुणाला हुडकलालाव (शोधताय)?”

अण्णांचं नाव सांगताच तिने मला कोपीत ओढलं. या सोजरबाई. गावात सून म्हणून आल्या आणि आता साठी ओलांडलेल्या. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी पुढ्यात भज्जी, बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) आणि आंबिलीचा तांब्या ठेवला. आंबील म्हणजे ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ. ती प्यायल्यावर मी निजामाशीही लढलो असतो. तेच सांगावं म्हणून मी घरातली कथा सुरू केली. हत्ती येईपर्यंत त्यांनी ऐकून घेतली. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की शेजारच्या शेतातल्या बाया काय झालं म्हणून आल्या.

सोजरबाईंनी सासूकडून ऐकलं होतं ते असं. लेव्हीची झडती येळवशीलाच येणार, ही कुणकुण बायकांना लागली होती. त्यांनी पहाटेपासून आंबिलीच्या बिंदग्यांत (मातीच्या घागरींत) ज्वारी भरली, वरून घोंगडी टाकली आणि रांगेने शेतात नेली. त्या दिवशी बाई डोक्यावर काय नेते, हे कुणी विचारत नाही. धान्य कोपींतल्या कडब्याखाली गेलं.

“आणि अण्णा?”

“त्यास्नी सांगितलंच न्हवतं,” सोजरबाई म्हणाल्या. “त्येंच्या पोटात काय ऱ्हायचं न्हाई, बापू. सकाळी सांगितलं की दुपारी उदगीरच्या टेसनात. म्हणून म्हशीपाशी बसवलं, आज विणार म्हणून. म्हस गाभण बी न्हवती.”

गिरदावर आला. अण्णांनी महादेवाची शपथ घेऊन सांगितलं, गावात दाणा नाही, घरं उघडून बघा. घरातल्या रिकाम्या कणग्या पाहून त्यांना खरंच तसं वाटत होतं. इतका खरा चेहरा पाहून गिरदावर झडती आटोपून परत गेला. गावाने अण्णांना पुढे कधीच काही कळू दिलं नाही. ते मरेपर्यंत मिशीला पीळ देत हिंडले.

मी पाटी पुढे केली. सोजरबाईंनी ती वाचली, ‘एकहाती’वर बोट फिरवलं.

“येशीत लावलास तर बाकीच्या बायांची नावं कुठं लिवायची? जागा हाय का?”

 मग त्या कोपीतल्या पांडवांकडे बघत म्हणाल्या, “दगूड मात्र चांगला हाय. ह्याच रानात ती ज्वारी लपीवली व्हती. पांडवाखाली चिखल व्हतोय. हितं ठिव, वरसाला समदं गाव पाया पडंल.”

दादांचं मनगटावरचं बोट अजून जाणवत होतं. मी पाटी उचलली आणि माझ्या हाताने नाव खाली करून मातीत बसवली. बायांनी तिच्यावर पांडव मांडले.

दुसऱ्या दिवशी नांदेडला पोचलो. दादा दारातच होते.

“बसवली?”

“बसवली, पांडवांखाली. दर येळवशीला अख्खं गाव पाया पडेल.”

आयुष्यात पहिल्यांदा मी काही न वाढवता सांगितलं होतं.

“नाव वर आहे का खाली?”

“खाली.”

“बरं केलंस,” ते म्हणाले. “माझ्याही डोक्यावर बिंदगं होतं. सात वर्षांचा होतो. आईने शपथ घातली होती, अण्णांना सांगायचं नाही. ते असेपर्यंत सांगितलं नाही, मग पाटीवर तरी कसं लिहायचं?”

मी सोजरबाईंनी दिलेला भज्जीचा डबा त्यांच्या हातात ठेवला. आता ही कथा मीच सांगतो. तीत हत्ती नाही, पण बायकांची रांग उदगीरहून निघते ती थेट नांदेडच्या गोदावरीला टेकते. दादा डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, “थोडी अजून लांबव.”